देवळाच्या ओट्यावर उतरवलेलं जगाचं भात

सन दोन हजार तेवीस. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, पण जमिनीपाण्याचा वाद निघाला की पंच्याहत्तर सांगायचो. वय वाढवून सांगितलं की समोरच्याचा आवाज जरा खाली येतो. शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीतही मी बहुतेक गुरांमागेच होतो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. माझं आणि चुलतभावाचं शेत अजून सामाईक आहे. तो माझ्याहून बराच लहान. मुंबईची नोकरी संपवून कायमचा घरी आला, आणि आल्या आल्या तालुक्याच्या शिबिराला जाऊन भाताची नवी लावणी शिकला. एका जागी रोपाच्या दोन-तीनच काड्या, सरळ ओळीत, वीतभर अंतरावर. आमची बापजाद्यांची लावणी म्हणजे मूठभर काड्या, दाट, हात पडेल तिथे. रोपं तयार झालेली, दुसऱ्या दिवशी लावणीला बाया यायच्या होत्या, आणि यंदा कोणाच्या पद्धतीने लावायचं ते ठरत नव्हतं. म्हणजे माझ्या मते ठरलेलंच होतं.

"दादा, एक वर्ष तरी माझं ऐक," तो म्हणाला.

"साऱ्या जगात सगळ्यात जास्त भात आपल्या देशात पिकतं. ते काय दोन काड्या लावून?"

"कोण बोललं?"

"मी बोललो."

"मग दाखव. नेटवर सगळं असतं. तुझं खरं निघालं तर तुझ्यावानी लावू, नायतर माझ्यावानी. कबूल?"

अंगणात चार माणसं बसली होती. चार माणसांत मी आजवर कशालाही नाकबूल झालेलो नाही. शब्द देऊन बसलो.

माझी सून महाडला एका कंपनीत हिशेबाचं काम करते. संध्याकाळी ती एसटीतून उतरली तशी तिला देवळाच्या ओट्यावर नेली, कारण वाडीत नेट फक्त तिथेच येतं. पदराने तोंड पुसत तिने माझा मोबाईल घेतला आणि थोड्या वेळात म्हणाली, "मामा, मिळालं. एक आंतरराष्ट्रीय संस्था हाय. साऱ्या देशांच्या शेतीचे आकडे ठेवते. कोणीपण बघा, कोणीपण उतरवून घ्या. फुकट."

"फुकट? मग ते खरे कशावरून?"

"तुम्ही तरी आजवर कुठं पैसे घेऊन सांगितलंत?" ती म्हणाली. ओट्यावरची माणसं हसली. चुलतभाऊ खांबाला टेकून बसला होता, तो जरा जास्तच हसला.

पानावर चार चौकटी होत्या. देश कुठले, पीक कुठलं, मोजायचं काय, वर्ष कुठलं. अक्षरं इंग्रजी. सून वाचून सांगणार आणि बोट मात्र मीच लावणार, असा माझा हट्ट.

"पीक कुठलं, भातच ना?"

"सगळं घे."

"सगळं कशाला?"

"एवढं उघडं ठेवलंय तर मोजून मापून कशाला घ्यायचं?" असं म्हणून मी प्रत्येक चौकटीत 'सगळे' दाबलं आणि शेवटी उतरवायचं बटण.

गोल चक्र फिरायला लागलं. मोबाईल तापला. मी छाती काढून बसलो, जसं काही ते चक्र मीच फिरवत होतो. शेवटी मोबाईलने जागा संपल्याचं कळवलं. जगभरची केळी, मेंढ्या, ऊस, बटाटे असं काय काय मी देवळाच्या ओट्यावर उतरवत बसलो होतो, आणि त्यात भात कुठे अडकलं होतं देव जाणे.

सुनेने ते सगळं पुसलं. मग देश सगळे, पीक एकच भात, वर्ष एकच, ताजं असेल ते. मोजायचं काय, तर एकूण पीक. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी उतरली. तिने मोठ्या आकड्याकडून छोट्याकडे लावून दिली. वरती चीन, त्याच्या खाली आपण.

"दुसरा नंबर," चुलतभाऊ म्हणाला.

आता गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. आमच्याकडे माणसाचा मान त्याच्या घरातल्या कणगीवर. कणगी भरलेली दिसली की झालं, ती किती शेतांतून भरली ते कोणी विचारत नाही. दुसऱ्या नंबरची कणगी म्हणजे काय थोडी झाली? पण मला पहिलाच हवा होता.

"त्यांच्याकडे जागा जास्त असेल रे," मी म्हणालो. "जास्त जागेत जास्त पिकणारच. त्यात कसली मर्दुमकी?"

"बरोबर बोललास दादा," तो सावरून बसला. "गो, जरा जागेचं बघ."

सुनेने मोजायच्या चौकटीत जमीन निवडली आणि पुन्हा उतरवलं. भाताखाली सगळ्यात जास्त जमीन आपली निघाली. चीनची आपल्याहून पुष्कळ कमी.

 तरी मीच पुढे बोललो, कारण बोलल्याशिवाय मला राहवत नाही. "एका हेक्टरात किती, ते काढ."

ती यादी आली. वरून खाली बोट नेत चाललो. बोट खाली जात राहिलं, आपलं नाव येईना. वरच्या नावांत इजिप्त होता.

"तिथं तर वाळवंट हाय ना?" मी विचारलं.

"हाय की," चुलतभाऊ म्हणाला. "तरी आपल्या वर हाय. अजून खाली जा, सापडेल आपला."

सापडला. सुनेने मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मामा, चला घरी. जेवायचं हाय."

जेवताना बायकोने विचारलं, "काय निघालं?" मी म्हणालो, "आकडे." तिने पुढे विचारलं नाही. म्हणजे तिला आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी खाचरात जाऊन उभा राहिलो. बाया बांधावर आल्या, चुलतभाऊ मागून येत होता. त्याने तोंड उघडायच्या आत मी मोठ्याने सांगितलं, "यंदा दोन-दोन काड्या लावायच्या. ओळीत, लांब लांब. मी ठरवलंय."

"काल तर दाट म्हणत हुतात," एक म्हातारी म्हणाली.

"काल मी जग बघितलं नव्हतं," मी म्हणालो, आणि चिखलात वाकून पहिल्या दोन काड्या खोचल्या.