सार्जंट डंकनची पायतपासणी

नोव्हेंबरअखेर आम्ही स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्मच्या डोंगरात पोचलो. ब्रिटिश सैन्यातल्या आमच्या बटालियनच्या स्की टीमची निवड तिथे होणार होती आणि निवडलेले जानेवारीत नॉर्वेला जाणार होते. मी लंडनजवळच्या पिनरच्या मराठी डॉक्टरांचा मुलगा, लान्स कॉर्पोरल साठे. मला नॉर्वेला जायचंच होतं.

सीझनच्या सुरुवातीला पाय मऊ असतात आणि स्की बूट कोणाची गय करत नाहीत. पहिल्याच दिवशी नडग्या सोलल्या, टाचांना फोड आले. उपाय साधे. एकच पातळ मोजा घाला, सुरकुती ठेवू नका. खाली आलात की बकल सैल करा. कातडी लाल दिसली की लगेच टेप लावा. हे शिकवलं सार्जंट डंकनने. चाळिशीचा माणूस. त्याची माया घोंगडीसारखी, उबदार पण टोचणारी. आम्ही सगळे त्याला टरकून असायचो.

रोज संध्याकाळी पायतपासणी. तो गुडघ्यांवर बसायचा, प्रत्येकाचा पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्या बघायचा. माझी इथेच पंचाईत. मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी आमच्या घरी लगेच नमस्कार करायचा, आणि हा तर माझ्यापुढे बसून पाय धरणार! त्यामुळे माझी पाळी आली की मोजे न काढताच मी म्हणायचो, "All good, Sergeant." मी लान्स कॉर्पोरल, म्हणून तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवून पुढे सरकायचा.

आठवड्याअखेर उतारावर वळताना डावी टाच अशी पेटली की मी खालीच बसलो.

रेडिओवर डंकन. "साठे, report."

"डावा पाय, सार्जंट."

"Stay put."

तो आला, बर्फात गुडघे टेकले आणि बकल उघडले. मोजा रक्ताने टाचेला चिकटला होता. मी पाय मागे ओढला.

"सार्जंट, प्लीज. तुम्ही मोठे आहात. आमच्यात मोठ्यांनी असा पाय धरायचा नसतो."

"म्हणून लपवलंस?"

"Yes, Sergeant."

"आई बघायची ना पाय, लहानपणी?"

"हो."

"मग इथे आईच्या जागी मी. Foot."

मी पाय पुढे केला. नॉर्वे हुकलं असं वाटून रडू येत होतं. त्याने काही दिवस मला बूटच घालू दिले नाहीत. रोज स्वतः ड्रेसिंग केलं, शिव्या घालत. इतक्या प्रेमाने मला नंतर कुणी शिव्या घातल्या नाहीत. जानेवारीत मी नॉर्वेला गेलो.

दोन हिवाळ्यांनंतर डंकन दोन नव्या पोरांना खाली आणत असताना वरून बर्फाचा कडा सुटला. पोरं वाचली. डंकन गेला.

त्या सप्टेंबरात मी रजेवर घरी होतो. सर्वपित्री अमावस्येला आईने एक पान जास्त मांडलं.

"तुझ्या सार्जंटचं. काय आवडायचं रे त्यांना?"

"सॉसेज."

आईने हात पुसले. "व्हेजिटेरियन मिळतात," म्हणाली आणि कोट चढवून दुकानात गेली.

पान वाढून झाल्यावर तिने हात जोडले. सॅल्यूट फक्त अधिकाऱ्यांना, सार्जंटला करत नाहीत. मी वाकून नमस्कार केला.