दादाच्या डोक्यावरचा शब्द

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि कागद चुलीत घातला. आज लिहितेय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — ते व्हायचं नाही, मला माहीत आहे.

आमच्या घरात काय होतं? बाबा दुसऱ्याच्या काजूच्या बागेत मजुरीला. आई बंदरावर मासळी सुकवायला. आणि दादा माड चढायचा — मालवणच्या आजूबाजूच्या तीन गावांतले नारळ तोच काढायचा. आठवीत शाळा सोडली होती त्यानं. माझा एसटीचा पास, पुस्तकं, चपला, सगळं त्या माडांवरून खाली आलेलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो पडला. कमरेखालचं अंग गेलं.

अंथरुणात त्याला खेळ सापडला. फोनवरचा, जगभरची माणसं एकत्र खेळतात तसला — तलवारी, जादू, राक्षस, किल्ले. राक्षस मारला की सोन्याची नाणी मिळतात. खोटी नाणी, पण तिथं त्यांच्याशिवाय काही मिळत नाही. दादा इतका तरबेज झाला की चाळीस जणांच्या टोळीनं त्याला म्होरक्या केलं. कुणी फिलिपिन्सचे, कुणी ब्राझीलचे. किल्ला विकत घ्यायला सगळ्यांनी जमवलेलं सोनं त्याच्या ताब्यात.

आई म्हणायची, "खोटा सोना, खोटी माणसा. पण माझो झिल हसता, ता तरी खरा ना?"

अडचण एकच — ती माणसं इंग्रजीत लिहायची. दादाला अक्षरं ओळखता यायची, अर्थ नाही. मग हाक यायची, "बाय, हय ये गो. ह्येनी काय लिवल्यानी ता वाच." मी वाचायची, आणि तो सांगेल ते इंग्रजीत लिहायची. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. त्याचा मला गर्व होता — खोटं कशाला बोलू?

आणि राग होता. हा पडल्या पडल्या चाळीस जणांचा पुढारी, आणि मी रोज एसटीत उभी राहून कॉलेजात जाऊन — कोण? वर्गातल्या मुली माझ्या फुटक्या फोनला हसायच्या.

तुम्हाला वाटेल, फीसाठी केलं असेल. नाही. फी माफ होती. मला फोन हवा होता.

असलं सोनं खऱ्या पैशांनी घेणारे दलाल असतात. एका सकाळी आई-बाबा दादाला उचलून न्हाणीत घेऊन गेले, त्याचा फोन उशाशी राहिला. टोळीचं सगळं सोनं मी दलालाच्या हवाली केलं. न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

त्या पैशांत फोन आला; घरी म्हटलं, शिष्यवृत्तीचा. इथंवर नुसती चोरी. तेवढंच असतं तर मी एवढी वर्षं गप्प राहिले असते का?

खजिना रिकामा बघून दादानं मला हाक मारली. "लिही गो बाय. मी घेवक नाय. खंय गेला माका ठावक नाय. पण माझ्या ताब्यात होता, मीच भरून दितलंय." मी हो म्हणून मान हलवली. आणि लिहिलं — सोनं मीच विकलं. गरज होती. भरून देईन.

का? टोळीनं खेळाच्या कंपनीकडे तक्रार केली असती, तर शोध माझ्यापर्यंत आला असता. एकदा कबुली मिळाली की पुढे कोण शोधतं?

शिव्या आल्या. स्क्रीन भरून आल्या.

"काय म्हणतत?"

"म्हणतत, जावंदे. होता असा कधी कधी."

दादाचे डोळे भरले. "माणसा बरी आसत गो."

त्यांनी त्याला हाकललं नाही — भरपाई हवी होती ना. म्होरकेपण काढून घेतलं, आणि त्याच्या पात्राच्या डोक्यावर, सगळ्यांना दिसेल असा, इंग्रजीत एक शब्द लावला. चोर.

"ह्या माझ्या डोक्यार काय लिवला हा?"

"ज्येष्ठ," मी म्हटलं. "जुन्या, मानाच्या माणसाक लावतत."

तो खूश झाला. तो शब्द मिरवत खेळातल्या भर बाजारात हिंडायचा. अनोळखी पात्रं त्याच्याभोवती थांबायची, नाचून दाखवायची. त्याला वाटे, मान देतात. मी शेजारी बसून बघायची. मला हसू आलं होतं — हे लिहायला सगळ्यात जड जातंय. पण आलं होतं.

चौदा महिने तो खेळला. झोपून झोपून पाठीला जखमा झाल्या, तरी खेळला. शेवटचं नाणंसुद्धा भरलं. टोळीनं किल्ला घेतला. सगळे आत गेले आणि त्याच्यासाठी दरवाजा उघडेना, तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. निदान तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का?

मी म्हटलं, "ज्येष्ठांनी भायर रवान राखण करूची असता."

तो राखण करतो. अजून करतो.

सोनं पूर्ण फिटलं. किल्ला टोळीचा झाला. मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली.