पुडीवरची एक रेघ

"मेंढरांना पाजता तशा गोळ्या गिळल्या का?"

डॉक्टर माझ्या आईला म्हणाला. बाकावरचे पेशंट हसले. आईच्या तोंडात इतके फोड आले होते की तिला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. ती मान खाली घालून बसली.

आम्ही धनगर, तीर्थपुरीकडचे. आईचे सांधे सुजायचे म्हणून जालन्याच्या या खाजगी दवाखान्यात यायचो. इथला कंपाउंडर गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून पुडीत देतो. वाचता न येणाऱ्यांच्या पुडीवर पेनानं रेघा मारतो. दोन रेघा म्हणजे रोज दोन गोळ्या, एक रेघ म्हणजे रोज एक. आईच्या पुडीवर एक रेघ होती. तिनं रोज एक घेतली. एक दिवससुद्धा चुकवला नाही.

ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. हे मला डॉक्टरनं नाही, बाहेरच्या मेडिकलवाल्यानं पट्टीचा तुकडा बघून सांगितलं. वर म्हणाला, "माझं नाव घेऊ नका, ताई."

मी आत जाऊन तेच बोलले. डॉक्टर एकाएकी गोड झाला. तिथंच मला संशय आला.

"मावशी, इथं अंगठा द्या. लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवतो."

आईनं अंगठा पुढं केला. मी कागद वाचला. 'रुग्णाने स्वतःच्या चुकीने जास्त गोळ्या घेतल्या.' मी आईचा हात मागं ओढला.

"चूक आमची न्हाई. रेघ तुमच्या माणसानं मारली."

"धनगराची पोर मला शिकवणार?"

माझं डोकं फिरलं. "मेंढराला दवा पाजताना आम्ही कोकराला वेगळं मापतो, मेंढीला वेगळं. पुन्हा कधी पाजायचं ते बराबर विचारून घेतो. तुम्ही माझ्या आईला मेंढराइतकं पण जपलं न्हाई."

रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात आणलं. तिच्या रक्तातल्या पेशी कमी झाल्यात. ती वाचेल का, हे इथले डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

तो कंपाउंडर रोज केळी घेऊन येतो. आईची चौकशी करतो आणि जाता जाता विचारतो, "ती पुडी हाय का अजून?" गोड बोलून केसानं गळा कापायची ही रीत मला आता कळते. केळी मी त्याच्यासोबतच परत पाठवते. मामा म्हणतो, "जाऊ दे, मोठी माणसं हायेत." मला मामाचाही संशय येतो, त्याला कोण भेटलं असेल म्हणून.

आई वाचली तरी मी तक्रार करणार. नाही वाचली तरी करणार. मला समजवायला कुणी येऊ नका.