काचेवरचं हळदकुंकू

सेजलचं तोंड बघून मलाच थकायला होतं. मी क्षमा, डिचोलीची. ती धारगळहून बसने येते. आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत संशोधन करतो. खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या कोरगूट भातात एक प्रथिन वाढतं, एवढंच तिला दाखवायचं होतं. प्रथिन असलं की स्कॅनरच्या काचेवर ठेवलेल्या पातळ पटलावर पट्टा चमकतो. आधी फिके का होईना, पट्टे दिसायचे. मग नुसतं धुकं, दिवाळी उलटली तरी. महिनाअखेर पट्टा नाही आला, तर ते प्रकरण प्रबंधातून गाळा, असं आमच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं.

काय नाही केलं तिने! पटल धुणं वाढवलं, द्रावणं बदलली, पटलावर लावायची दुधाची पावडर नवी आणली. धुकं तसंच. खराब म्हणून पटलं फेकत राहिली. शेवटचं एक पटल उरलं, प्रथिनाला चिकटून चमकणारं महागडं प्रतिपिंडही संपलं. मी वैतागून म्हटलं, आता देवालाच कौल लाव. ती कसनुसं हसली. देवाचं दसऱ्यालाच केलंय म्हणाली.

काय केलंय ते खोदून विचारलं. तिच्या आईने, देवकीकाकीने, हळदकुंकवाची पुडी बांधून दिली होती: घरी कोयत्याला, विळीला लावतो, तशी तुझ्या मशीनलाही लाव. आणि ह्या बयेने हळदकुंकू लावलं थेट स्कॅनरच्या काचेवर, पट्टे तिथेच उमटतात म्हणून. दुसऱ्या दिवशी स्पिरिटच्या फडक्याने पुसलं. अगो, हळद स्पिरिटमध्ये विरघळते! गेली कुठे? काचभर पसरली. आणि स्कॅनरच्या प्रकाशात हळद स्वतःच चमकते. मला भयंकर राग आला, मग तिची कीव आली.

काच घासून लख्ख केली. तेच उरलेलं पटल धुऊन परत ठेवलं. गोड्या पाण्यातल्या भाताचा पट्टा फिका, खाऱ्यातल्याचा ठळक. सेजल नाचली नाही. स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकलं. फेकलेली पटलंही मुळात खराब नसणार, हे दोघींना कळलं होतं.

तेवढ्यात देवकीकाकीचा फोन आला.

"पावलं मगो तुझं मशीन?"

सेजलने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

"पावलं, आई."

काकी खूश झाली. पुढच्या दसऱ्याला आपण स्वतः पुडी घेऊन येणार, म्हणाली.

सेजलने डोळे मिटून घेतले. "ये गो आई," ती म्हणाली. "पुडी राहू दे, झेंडूची माळ तेवढी आण."