गरम झालेली लस

फ्रीज उघडला, तर आत हाताला गारवाच लागेना. बर्फाचे पॅक वितळून पाणी झाले होते. रविवारी गावातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि जनावरांच्या दवाखान्याला सुट्टी होती. सोमवारी सकाळी मी पोचलो, तेव्हा बाहेर मेंढ्या-शेळ्यांची गर्दी जमली होती. पीपीआरच्या लसीचा कॅम्प होता. पीपीआर म्हणजे मेंढ्या-शेळ्यांचा प्लेग. नाकातून पाणी, हगवण, आणि बघता बघता अर्धा कळप जातो.

मी तेव्हा भालकी तालुक्यात व्हेटर्नरी इन्स्पेक्टर होतो. ही लस थंड राहिली तरच कामाची. गरम झालेली टोचली, तर जनावराला सहसा अपाय होत नाही, पण रोगही अडत नाही. धोका हाच, की मालक निर्धास्त होतो.

माझे वरिष्ठ, दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, त्यांना फोन लावला.

"नवीन लस कधी येईल सांगता येत नाही," ते म्हणाले. "टोचून टाक. वरून टार्गेट आहे. कोण बघायलाय?"

"साहेब, मला जमणार नाही."

"मग बदलीची तयारी ठेव."

माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावरही दबाव होता. पण मला खरंच भीती वाटली. माझी बायको सुनंदा भालकीच्या शाळेत शिक्षिका. बदली म्हणजे दोन घरं. रोज सकाळी आम्ही दोघं गुडघे टेकून म्हणायचो, प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. तिला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "सकाळी काय मागितलं, ते आठवा."

बाहेर येऊन सगळ्यांना खरं ते सांगितलं. लोक चिडले. मंठाळ गावाकडून पहाटेच कळप घेऊन निघालेली मल्लम्मा तर अंगावरच आली.

"आता कामून परत पाठवायलाव? पुढच्या गावात शेतात खतासाठी मेंढ्या बसवायचं ठरलंय माझं."

पुढच्या गावात आदल्या आठवड्यातच पीपीआर निघाला होता. लस झाली समजून ती सरळ तिथंच गेली असती.

"तिकडं नका जाऊ, अक्का."

"मग कुठं जाऊ? जागा हाय का तुमच्याकडं?"

माझ्याकडं नव्हती. पण आमच्या चर्चमागं कुंपण घातलेलं मोठं पडीक रान होतं. पास्टर दानप्पांना विचारलं. ते हसले. "मेंढरांना जागा द्यायला मला कुणाला विचारायला लागतंय?"

मल्लम्मानं फाटकातच पाय थांबवला. "तुमच्या देवाला चालतंय का?"

"व्हय अक्का," पास्टर म्हणाले. "मेंढरं त्याच्या ओळखीचीच हायत."

लस संध्याकाळपर्यंत यावी म्हणून मी प्रार्थना केली. आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोकांची बोलणी खात गेलो, रोज बिदरच्या जिल्हा कार्यालयाला फोन करत गेलो. चर्चच्या मंडळीतल्या बायका पाणी आणि कडबा पुरवत होत्या. अखेर लस आली, बर्फात घट्ट बसवलेली. मल्लम्माच्या कळपापासून सुरुवात केली. अंगात रोगाशी लढायची ताकद यायला काही दिवस लागतात, म्हणून कळप तिथंच ठेवला. पुढच्या गावात मेंढ्या पटापट मेल्या. तिची एकही गेली नाही.

बदलीची ऑर्डर मात्र आली. चिंचोळी तालुका, कलबुर्गी जिल्हा. आम्ही दोन घरं केली. शनिवारी सुनंदा बसनं यायची, नाहीतर मी जायचो. त्या वर्षांत प्रार्थना आम्ही फोनवर करायचो, आणि खरं सांगतो, इतकी मनापासून कधी केली नव्हती. त्या बदलीबद्दलही आज देवाचे आभारच मानतो.

सामान बांधत होतो, तेव्हा मल्लम्मा दारात आली. तिनं स्वतः विणलेली काळी घोंगडी सुनंदाच्या खांद्यावर टाकली. म्हणाली, "त्या दिशी लई बोलले सायबाला. न्हाई म्हणलाव म्हणून वाचलाव आमी."

नोकरीतून एक गोष्ट शिकलो. गरम झालेली लस प्रार्थनेनं चांगली होत नाही, ती टाकूनच द्यावी लागते. टाकली म्हणून चारचौघांत सांगायचं बळ मात्र प्रार्थनेनं मिळतं.