गोवर उतरल्यावर

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. एका दुपारी साक्रीकडची एक बाई चार-पाच वर्षांची पोर कडेवर घेऊन आली. पोरीचं तोंड पदराखाली होतं. पदर बाजूला व्हायच्या आधीच वास आला. शेजारच्या खाटांवरच्या बाया उठून व्हरांड्यात गेल्या.

"गोवर व्हता," आई म्हणाली. "मंग गाल काया पडी ग्या."

ऊसतोडीच्या मुक्कामावर पोर आजारी पडली होती. अंगात मुळात काही नव्हतंच, नुसती हाडं. आधी हिरडीला फोड आला, मग गाल काळा पडून सगळाच सडला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, नोमा. आजवर पुस्तकातच वाचलं होतं, प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहतोय, असंही म्हणाले.

इंजेक्शनं चालू झाली. नाकातून नळी घालून दूध द्यायचो. जखम धुताना पोर रडत नसे, फक्त माझ्या तोंडाकडे बघे. मी चेहरा सरळ ठेवायची. घरी गेल्यावर मात्र जेवण समोर आलं की तो वास यायचा. अजूनही कधी कधी येतो.

"बाई, मनी पोर जगी ना?" आई रोज विचारायची.

पोर जगली. काळा भाग गळून पडला आणि गालाला भोक राहिलं. त्यातून दाढा दिसायच्या. नळी काढल्यावर पहिल्यांदा कपानं दूध पाजलं, तर सगळं गालातून गळ्यावर ओघळलं. तिनं ते बोटानं चाचपून पाहिलं. मग भोकावर तळहात दाबला आणि उरलेलं दूध पिऊन टाकलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ऑपरेशनसाठी मुंबईला न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईनं मान डोलावली, पण पोरीला घेऊन ती गावीच गेली.

दोनेक वर्षांनी तीच बाई तान्हं मूल घेऊन आली.

"याले गोवरनी सुई द्या."

सुई दिली आणि विचारलं, "मोठी कुठंय?"

"बाहेर उभी शे. मझार येवाले लाजस."

ती आत येईना, म्हणून मीच बाहेर गेले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, वेणी घातलेली, बरीच उंच झालेली. मी हाक मारली. ती वळली, पण अर्धीच. धड असलेला गाल तेवढा माझ्याकडे केला आणि तशीच उभी राहिली.