पाय टेकवायचा नाही

दुष्काळाच्या त्या साली आमच्या गावात शेतात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. विहिरीच्या तळाशी नुसती ओल होती. बैल चाऱ्यावाचून मरतील म्हणून मामाकडे धाडले होते. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, आणि आई, तिला बाई म्हणतो, दोघंही सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मी एकटाच नगरला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वरून मी लांब पल्ल्याचा पळणारा. या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

म्हणूनच नगरच्या डॉक्टरांनी माझं पाऊल हातात घेतलं, एका जागी अंगठा दाबला आणि मी ओरडलो, तेव्हा त्या ओरडण्याचीच मला आधी लाज वाटली.

"स्ट्रेस फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले. "हाडाला चीर गेलीय."

मी म्हणालो, "पण एक्स-रेमध्ये तर काहीच नाही."

"फोटोत दिसत नाही, माझ्या अंगठ्याला दिसतंय. ही चीर केसाएवढी असते. फोटोत ती उशिरा दिसते, हाड जुळायला लागल्यावर."

डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी समजावून सांगितलं ते असं : एकदा जोरात आपटून मोडतं ते साधं फ्रॅक्चर. पण तोच तोच मार थोडा थोडा रोज बसला, तर हाड थकतं आणि चिरतं. नव्या रंगरुटांना कवायत करून करून हे होतं, म्हणून लष्करात त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात.

मला दवाखान्यात तात्यांनीच आणलं होतं. ते म्हणाले, "याला भरतीत कुणी घेतलं न्हाई, डाक्तर. आन दुखणं मातर शिपायाचं झालं!"

डॉक्टर मोठ्यानं हसले. मी हसलो नाही.

हे मी लिहितो आहे ते पळणाऱ्या पोरांसाठी. गावाकडची पोरं पायाच्या दुखण्याला दुखणं मानत नाहीत. मीही मानलं नव्हतं. दहा हजार मीटरमध्ये माझा नंबर आला, तेव्हा कॉलेजचे खेळाचे सर म्हणाले होते, "तुझ्यात मॅरेथॉन आहे. दिवाळीनंतर तयारीला लागू. आंतरविद्यापीठाला तुला उतरवतो." दिवाळीपर्यंत कोण थांबतो? मी दुसऱ्याच दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पळायला लागलो. तेही डांबरी सडकेवर, पातळ तळाच्या कॅनव्हासच्या बुटात. जन्मभर मातीत पळालेला पाय तो.

पहिल्यांदा बोटांच्या मागे, पावलाच्या वरच्या बाजूला नुसतं ठणकायचं. थोडं पळालं की दुखणं विरून जायचं. हीच फसवणूक असते. मग ते विरेनासं झालं. मग चालतानाही दुखायला लागलं. सगळा पाय दुखत असेल तर तो बहुधा थकवा असतो. पण दुखणारी जागा एका बोटानं दाखवता येत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टर गाठा.

मी डॉक्टरकडे गेलो नाही, सुट्टीला घरी गेलो. बाईनं माझी चाल उंबऱ्यातच ओळखली.

"कुरूप हाय. डांबरावर पळतूस, दुसरं काय व्हनार?"

"कुरूप तळव्याला होतं, बाई. हे वर दुखतंय."

"तू कालेजात शिक. पायाचं मला कळतं."

आमच्याकडे कुरूप असो, काटा असो, मुका मार असो, बिब्बा हे औषध ठरलेलं. सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की दुखतं तिथं चटका द्यायचा. बाईनं तळव्याला दिला आणि मी वर दुखतंय म्हणालो म्हणून वरही दिला. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. पाऊल भोपळ्यासारखं सुजलं, फोडच फोड आले. चप्पलसुद्धा घालता येईना. तेव्हा कुठे तात्यांनी मला एस.टी.त घालून नगरला आणलं. बाईही आली.

चिरीचं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा फोडांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आता याच्यावर प्लास्टर घालता येणार नाही. आत कातडं सडेल. हे बघ, तुझं प्लास्टर म्हणजे तुझी अक्कल. हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवलास, पळालास, तर चिरलेल्या हाडाचे दोन तुकडे होतील आणि मग मॅरेथॉन विसर."

बाई कोपऱ्यात उभी होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्या माज्या हातानं लेकराचा पाय जाळला."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "माई, बिब्ब्यानं हाड चिरत नाही. ते आधीच चिरलं होतं. पण एक सांगतो, फोड आले म्हणून हा थांबला. नाहीतर हा पठ्ठ्या पळतच राहिला असता."

डॉक्टरांनी हे तिच्या समाधानासाठी सांगितलं होतं. बाईनं मात्र ते गावभर केलं. खडीच्या कामावर बायका विचारू लागल्या, तेव्हा ती सांगायची, "डाक्तर सोता म्हनला, बिब्ब्यानंच पाय वाचला!" पुढे दोघीतिघी तिच्याकडून बिब्बा लावून घ्यायला आल्या. मी ओरडून ओरडून त्यांना परत पाठवलं.

कॉलेज बुडवून मी गावीच राहिलो, आणि दुखण्यापेक्षा बसणं अवघड गेलं. तात्यांनी बाभळीच्या बेचक्याची कुबडी करून दिली होती. सकाळी सगळं गाव कामावर जायचं आणि मी सोप्यात, पाय उशीवर. माझ्या वयाची पोरं टोपल्या वाहत होती. शेजारची शेवंतामावशी जाता जाता म्हणायची, "काय जावईबापू, झालं का च्यापानी?" ती गमतीनं म्हणायची. मला ते आरपार लागायचं. बाई उन्हातून यायची ती हात सुजवून, आणि आल्यावर आधी माझा पाय बघायची.

एका संध्याकाळी मी म्हणालो, "उद्यापासून मी टोपल्या उचलायला येतो. मॅरेथॉन गेली खड्ड्यात."

तात्यांनी माझी कुबडी उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "टोपलं उचलायला पाय लागत्यात. खडी फोडाया काय लागतं?"

खडी बसूनच फोडतात. आमच्या एवढ्या हुशारीत हे कुणाला सुचलं नव्हतं.

फोड दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पाय लांब पसरून बसणार? पायाला हातोडी लागणार नाही? उचलाउचल नाही? मग फोड. हातांनी काय गुन्हा केलाय?"

तात्या मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून कामावर नेऊ लागले. मुकादम पहिल्याच दिवशी आडवा आला. "लंगड्याला कामावर घेतलं तर साहेब मला धरंल."

बाई म्हणाली, "का वं, तुमच्यात पायानं फोडत्यात का खडी?"

बायका खदाखदा हसल्या. मुकादमानं मला बाभळीच्या सावलीतली जागा दिली. खाली घडी घातलेलं पोतं, त्यावर पाय, मांडीशी दगडांचा ढीग. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले. शेवंतामावशी म्हणाली, "आता वर बी फोड, खाली बी फोड. शोभतूस बग!" पण त्या दिवसापासून तिनं जावईबापू म्हणणं सोडलं.

पुढच्या एक्स-रेत हाडाभोवती ढगासारखं पांढरं काही दिसलं. डॉक्टर म्हणाले, "याला कॅलस म्हणतात. हाडानं स्वतःच घातलेलं ठिगळ. जुळतंय." त्या पांढऱ्या ढगाकडे मी आणि बाई किती तरी वेळ बघत होतो.

दिवाळी गेली. खेळाचे सर गावी येऊन पाय बघून गेले. आंतरविद्यापीठाला दुसरा मुलगा गेला. मी पळू का, असं डॉक्टरांना विचारलं होतं, ते नाही म्हणाले आणि मी ऐकलं. पळणाऱ्याला याहून कठीण काही नसतं. आधी नुसतं चालणं, मग नांगरटीतून हळू पळणं, डांबर सगळ्यात शेवटी. जरा ठणकलं की थांबायचं. थांबणं हासुद्धा तालमीचाच भाग आहे, हे मला खडीवर बसून कळलं. आणि आपण पळतो तेव्हा घरातले किती हात आपल्याला पळवत असतात, हेही.

त्या डॉक्टरांचे, तात्यांचे आणि बाईचे उपकार मी फेडू शकणार नाही. शेवंतामावशीचेही.

पुढच्या हंगामात मी आंतरविद्यापीठ मॅरेथॉनला उतरलो. सव्वीस मैल कुठेही न थांबता पळालो आणि सातवा आलो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बी.ए. झालो.